किलिमांजारोच्या उतारावरचं विसरणं

मोशी (टांझानिया) : मोशीहून अरुशाच्या वाटेला लागलं की उजव्या हाताला, किलिमांजारोच्या उतारावर, हाई जिल्ह्यातली गावं दिसतात. घराभोवती केळी, केळीच्या सावलीत कॉफी. इथली वस्ती मुख्यतः चागा लोकांची. घरातली ‘बिबी’, म्हणजे आजी, नातवाचं नाव विसरली किंवा रोजची वाट चुकली, तर वय झालं म्हणतात. आपल्याकडे ‘साठी बुद्धी नाठी’ म्हटलं की विषय संपतो, तसाच इथेही संपतो.

डिमेन्शिया, म्हणजे स्मृतिभ्रंश, हे श्रीमंत देशांचं दुखणं, असं बरीच वर्षं धरून चालत. या जिल्ह्याने तो समज खोडला. २०१० मध्ये इथल्या सहा गावांत सत्तरी गाठलेल्या १,१९८ जणांची पाहणी झाली. वयोगटांचा फरक जमेस धरून काढलेलं डिमेन्शियाचं प्रमाण निघालं ६.४ टक्के. श्रीमंत देशांतल्या आकड्यांपासून हे फार दूर नाही.

तपासणी करायची कशी, हाच मोठा प्रश्न होता. ज्या बाईने आयुष्यात पेन्सिल धरली नाही, तिला घड्याळाचं चित्र काढायला सांगून काय कळणार? म्हणून इथल्या माणसांसाठी ‘आयडिया’ नावाची छोटी चाचणी बेतली गेली. मिनिटभरात आठवतील तेवढ्या प्राण्यांची नावं सांगायची. ऐकलेले शब्द थोड्या वेळाने पुन्हा सांगायचे. काड्यापेटीतल्या काड्यांची आकृती बघून तशीच मांडायची. लिहिता-वाचता येण्याची गरज नाही, आणि थोडं शिकवलं की नर्सही ही चाचणी घेऊ शकते.

‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगाने २०२४ मध्ये डिमेन्शियाची टाळता येण्याजोगी चौदा कारणं मोजली. ती सगळी दूर झाली तर जगातला जवळपास ४५ टक्के डिमेन्शिया टळेल किंवा लांबेल, असा त्यांचा अंदाज आहे. बहिरेपण, मधुमेह, दारू, दूषित हवा हे सारं त्यात आहे, आणि इथे अजून कितीतरी चुली लाकडावरच पेटतात. पण मला सर्वांत जास्त खुपतो तो रक्तदाब. हाईतल्या सत्तरीपुढच्या लोकांत तो सुमारे ७० टक्क्यांना आढळला, आणि त्यांतल्या निम्म्याहून कमी जणांना त्याची कल्पना होती. साठीपुढच्या गरिबांना सरकारी दवाखान्यात मोफत उपचार, हे इथलं धोरण चांगलंच आहे. पण औषध संपलेलं असेल तर गोळ्या बाहेरच्या ‘दुका ला दावा’तून, म्हणजे औषधांच्या दुकानातून, पदरच्या पैशांनी घ्याव्या लागतात, आणि काही दुखत नसताना रोजच्या गोळीवर कोण खर्च करणार? रक्तदाबाची गोळी ही अगदी स्वस्त, जुनी वस्तू. ती गावात सतत मिळावी, एवढी मागणी जास्त नाही.

दुसरं कारण शाळा न मिळणं. किलिमांजारोच्या परिसरात मिशनऱ्यांच्या शाळा लवकर आल्या, तरी आज ऐंशीच्या घरात असलेल्या कितीतरी बायकांना तिथे जायला मिळालं नाही. पुढे राष्ट्राध्यक्ष न्येरेरेंच्या काळात, १९७४ च्या मुसोमा ठरावाने, १९७७ पर्यंत प्रत्येक मुलाला प्राथमिक शाळेत आणायचं ठरलं. तेव्हा पहिलीत बसलेली मुलंमुली आता साठीच्या आसपास आहेत. त्यांच्या आयांना नाकारली गेलेली शाळा त्यांच्या म्हातारपणाला किती आधार देते, हे पुढच्या दहा-पंधरा वर्षांत याच गावांत पाहता येईल. त्यांचा रक्तदाब मात्र आत्ताच मोजायला हवा.