केसांना लिंबू लावून उन्हात बसताय?

केसांचा रंग थोडा उजळावा म्हणून अनेकजणी लिंबाचा रस लावून गच्चीवर उन्हात बसतात. उपाय घरगुती आहे, म्हणजे अपाय होणार नाही, असा आपला समज असतो. प्रत्यक्षात केस उजळतात ते मुख्यतः उन्हातील अतिनील किरणांमुळे. हे किरण केसांतील मेलॅनिन या रंगद्रव्याचे विघटन करतात. लिंबातील आम्ल त्याला हातभार लावते. काळ्याभोर केसांवर याने सोनेरी नव्हे, फार तर तांबूस छटा येते. केस मात्र कोरडे, राठ होतात, टोकांना दुभंगतात. डोक्याबाहेर आलेला केस निर्जीव असल्याने ही हानी भरून येत नाही. महिन्याला साधारण १ सेंटीमीटर वाढणाऱ्या नव्या केसांची वाटच पाहावी लागते.

त्याहून मोठा धोका त्वचेला आहे. लिंबात, विशेषतः सालीत, फ्युरोकुमारिन नावाची द्रव्ये असतात. रस कपाळावर, मानेवर ओघळला आणि ऊन लागले, तर एक-दोन दिवसांत लाली, जळजळ, प्रसंगी फोडही येतात. नंतरचे काळपट डाग काही महिने टिकू शकतात.

त्वचेला रस लागलाच, तर उन्हात जाण्यापूर्वी साबणाने धुवून टाका. फोड आले तर ते न फोडता त्वचारोगतज्ज्ञांना दाखवा.