फाटकावरचा फोन, संगणकातली घंटी

पुण्याहून लोणावळ्याला जाताना मावळात रेल्वेचं फाटक लागतं. तिथला गेटमन दिवसभर रुळांकडे टक लावून बसत नाही. स्टेशनमास्तरांचा फोन वाजला की हातातलं काम ठेवतो, फाटक लावतो. दोघं एकमेकांना प्रायव्हेट नंबर सांगतात, तीच पोच. गाडी गेली की तो पुन्हा आपल्या कामाला लागतो.

संगणकातला प्रोसेसर असाच वागतो. तुम्ही कळ दाबली, नेटवर्कवरून माहिती आली, की ते उपकरण त्याला घंटी देतं. तिला ‘इंटरप्ट’ म्हणतात. प्रोसेसर चालू काम जिथल्या तिथे ठेवतो, घंटीचं काम उरकतो आणि परत येतो. हे उरकणं झटपट हवं. गेटमन फोनवर बोलतच राहिला तर पुढचा फोन कोण घेणार?

आयबीएमच्या 1984 च्या पीसी-एटीत अशा घंट्यांसाठी 16 ओळी होत्या, 0 ते 15. कळफलकाची 1. साउंड कार्ड आणि प्रिंटर दोघंही 7 वर आले की भांडण ठरलेलं. मग कार्डावरची छोटी टोपी, म्हणजे जंपर, काढून दुसरीकडे बसवावी लागे. आता ही वाटणी संगणक स्वतः करतो.

ती पाहता मात्र कुणालाही येते. विंडोजच्या डिव्हाइस मॅनेजरमध्ये ‘व्ह्यू’मधून ‘रिसोर्सेस बाय टाइप’ निवडा. लिनक्समध्ये ‘प्रॉक’ फोल्डरातली ‘इंटरप्ट्स’ फाइल उघडा. दर ओळीत एक इंटरप्ट, दर रकान्यात प्रोसेसरचा एक गाभा, शेवटी उपकरणाचं नाव. थोड्या वेळाने पुन्हा उघडा. कुठला आकडा भरधाव वाढतोय, ते दिसेल. सगळा भार एकाच गाभ्यावर पडत असेल, तर त्या इंटरप्टच्या क्रमांकाच्या ‘एसएमपी ॲफिनिटी’ फाइलीत दुसरा गाभा नेमता येतो. फक्त ‘आयआरक्यू बॅलन्स’ ही सेवा चालू आहे का ते आधी पाहा. ती आपली वाटणी पुन्हा बदलू शकते.

एखादी घंटी सतत वाजते, पण ती आपली आहे असं कुठलाच ड्रायव्हर, म्हणजे उपकरण सांभाळणारा प्रोग्रॅम, म्हणत नाही. अशा 1,00,000 घंट्यांपैकी 99,900 हून अधिक वाऱ्यावर गेल्या, की लिनक्स ती ओळच बंद करतं आणि लॉगमध्ये लिहितं: ‘नोबडी केअर्ड’. कुणी लक्षच दिलं नाही. संगणक मंद झाला म्हणून नवा घेण्याआधी इंटरप्टचा हा तक्ता एकदा वाचा. कोण किती हाका मारतंय, ते त्यात लिहिलेलं असतं.