व्हिसा फुकट, मग लाख रुपये कसले?

आखातात नोकरी लावून देणाऱ्या एजंटाने कामगाराकडून किती पैसे घ्यावेत, याला कायद्याने मर्यादा आहे. सेवाशुल्क जास्तीत जास्त ३०,००० रुपये, त्यावर १८ टक्के जीएसटी; एकूण ३५,४००. गावात मात्र बोलणी लाखापासून सुरू होतात.

याचं कारण, परवाना असलेली कंपनी मुंबईत असते आणि कामगार गाठतो तो गावातला ‘आपला माणूस’. कधीकाळी दुबईला राहून आलेला, कुणाचा तरी मेव्हणा. तो ‘व्हिसाचे पैसे’ रोख घेतो, कागद देत नाही. पुढे मुंबईत ट्रेड टेस्ट होते, मेडिकल होतं आणि कंपनी पावती फाडते ती नियमात बसणारी. दागिने गहाण टाकून उभे केलेले बाकीचे पैसे कुठल्याच हिशेबात दिसत नाहीत. तक्रार करायची तर पुरावा काय दाखवणार?

समजा, पुरावा मिळालाच. १९८३ च्या उत्प्रवासन कायद्यात जादा पैसे उकळणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद आहे, आणि दंड किती? २,००० रुपयांपर्यंत. एका कामगारामागे लाख कमावणाऱ्याला हा दंड म्हणजे चहापाण्याचा खर्च.

खरी गोम पुढेच आहे. संयुक्त अरब अमिरातीच्या २०२१ च्या कामगार कायद्यानुसार भरतीचा खर्च मालकाचा. तो कामगाराकडून आडवळणानेही वसूल करता येत नाही. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेचा १९९७ चा १८१ क्रमांकाचा करारही कामगाराकडून शुल्क घेऊ नये असंच सांगतो. भारताने तो स्वीकारलेला नाही. नेपाळने २०१५ मध्ये आखात आणि मलेशियासाठी ‘व्हिसा फुकट, तिकीट फुकट’ धोरण आणलं. तिथेही रोखीचा व्यवहार थांबला नाही. आपण तर कामगाराने पैसे द्यायचे हे मान्य करूनच वाद फक्त रकमेचा ठेवला आहे. माझ्या मते चूक इथेच आहे. ज्याला माणूस हवा, त्यानेच खर्च करावा.

कायदा बदलेल तेव्हा बदलेल. तोवर घरातलं कुणी निघालं असेल, तर एजंटाचा परवाना ई-मायग्रेट पोर्टलवर तपासा, पैसे बँकेतूनच द्या, पावती मागा. शंका असेल तर प्रवासी भारतीय सहायता केंद्राचा १८००-११-३०९० हा क्रमांक फुकट लागतो. फोन पैसे देण्याआधी करा.