डोक्यावरचं कर्ज

इचलकरंजीतल्या एका पतसंस्थेत मी तीस वर्षांच्या आसपास कारकुनी करतो आहे. मी कविता लिहितो हे गावात थोड्यांना ठाऊक, थकबाकीचे फोन करतो हे पुष्कळांना. या नोकरीत एक गोष्ट मी रोज पाहत आलो. माणसाचा धंदा बसला की तो आधी नजर चुकवतो. मग समोरच्या गल्लीनं जायला लागतो. कधी आलाच तर पासबुक विसरून येतो, तीच गोष्ट तीनदा विचारतो, आणि दहा वर्षं न चुकलेली सही त्या दिवशी जुळत नाही. अशा वेळी फाइलवर आम्ही एक ठरलेला शेरा मारायचो : 'कर्जदार टाळाटाळ करतो.' हा शेरा मी किती वेळा लिहिला असेल याची गणती नाही.

मग २०१८ साली माझ्यावरच पाळी आली.

माझ्या बायकोच्या धाकट्या भावानं चार जुने यंत्रमाग घेतले होते, खर्चीवर कापड विणायला. दुसऱ्या एका संस्थेचं कर्ज होतं आणि त्याला मी जामीन राहिलो होतो. मेहुण्याला नाही कोण म्हणणार? नोव्हेंबर २०१६ मध्ये नोटाबंदी झाली. आठवड्याचा पगार रोखीत वाटणाऱ्या या गावात माग थांबले. पुढच्या जुलैत जीएसटी आला, आणि जे सावरत होते तेही पुन्हा बसले. मेहुण्याचे हप्ते थकले, कलम १०१ खाली वसुलीचा दाखला निघाला आणि माझ्या पगारातून कपात सुरू झाली. हे मी घरी सांगितलं नाही. भाऊ तिचा; तिला कमीपणा वाटेल, असं स्वतःला सांगत राहिलो. खरं म्हणजे लाज माझीच होती. रोज लोकांना हिशेब शिकवणारा माणूस स्वतः अडकला होता.

त्यानंतरचे सहा-सात महिने मला नीट आठवतच नाहीत, आणि मला वाटतं आजाराची खूण हीच. रात्री दोन वाजता जाग यायची आणि डोक्यात बेरीज सुरू व्हायची. तीच ती बेरीज, पहाटेच्या अजानपर्यंत. दिवसा एका सभासदाचे पाच हजार दुसऱ्याच्या खात्यावर जमा केले. मुलीला क्लासहून आणायचं साफ विसरलो. ती पावसात उभी राहिली आणि घरी आल्यावर मी तिच्यावरच ओरडलो. टपालानं आलेली पाकिटं न फोडता कपाटात, कवितांच्या वहीखाली सारायला लागलो. वहीत त्या काळातली एक ओळ नाही. कुणी माझी फाइल पाहिली असती तर शेरा ठरलेलाच होता.

आपल्या भाषेनं हे केव्हाच ओळखून ठेवलंय. पैसा मराठीत खिशात असतो, पण कर्ज खिशात नसतं. ते डोक्यावर असतं. माझी अम्मी नमाजेनंतर एक दुआ मागायची. लहानपणी मी तिला अर्थ विचारला होता. काळजी, दुःख, आळस, भित्रेपणा, कर्जाचं ओझं आणि माणसांची दडपशाही, या सगळ्यांपासून त्यात एका दमात आसरा मागितलेला आहे. तेव्हा मला वाटलं होतं, ही काय यादी! कर्जाचा आणि आळसाचा संबंध काय? आता कळतं.

हा संबंध शास्त्रज्ञांनी मोजूनही पाहिला आहे. आनंदी मणी, सेंधिल मुल्लाईनाथन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तामिळनाडूतल्या ५४ गावांतल्या ४६४ ऊस उत्पादकांची पाहणी केली. ती २०१३ साली 'सायन्स' या नियतकालिकात आली. आपल्या भागात ऊस काय असतो हे सांगायला नको. पैसा येतो तो तोडणीनंतर, आणि त्याआधीचे महिने तारेवरचे. तोडणीआधी या शेतकऱ्यांपैकी १०० तले ७८ जण काही ना काही गहाण टाकून होते, तोडणीनंतर फक्त चार. त्याच माणसाला दोन्ही वेळा आकृत्यांची कोडी घातली, लक्ष किती टिकतं ते तपासलं. तोडणीआधी उत्तरं जास्त चुकली. माणूस तोच, त्याची अक्कलही तीच. फक्त डोक्यातली बरीचशी जागा आधीच कुणीतरी भाड्यानं घेतलेली. अमेरिकेत पगाराच्या आधी आणि नंतर अशीच तपासणी झाली तेव्हा मात्र असा फरक दिसला नाही, हेही सांगायला हवं. चार दिवसांची चणचण आणि वर्षाची ओढाताण एक नसते, असं मला त्यावरून वाटतं. पण मी शास्त्रज्ञ नाही, बी.ए. झालेला कारकून आहे.

आमच्या घरात हे उघड झालं ते अगदी साध्या कारणानं. बायको कपाट आवरत होती. न फोडलेल्या पाकिटांचा गठ्ठा तिनं चटईवर ठेवला आणि दखनीत एवढंच म्हणाली, "सब बाहर निकालो जी." एका लग्नपत्रिकेच्या मागच्या कोऱ्या बाजूवर आम्ही देणी लिहिली. जामीनकीची कपात, दोन सहकाऱ्यांचे हातउसने, भिशीचा हप्ता, किराण्याची उधारी, मुलीच्या क्लासची फी आणि आठवड्याच्या व्याजानं घेतलेले वीस हजार. सात जागा. कपातीमुळे पगार पुरेना, म्हणून एकाचं भागवायला दुसऱ्याकडून घेत गेलो होतो. तिनं भावाला दोष दिला नाही आणि मलाही नाही; निदान त्या दिवशी नाही. दुसऱ्या दिवशी पाटल्या बँकेत ठेवल्या आणि पाच जागा बंद केल्या. देण्याची एकूण रक्कम एका रुपयानंही कमी झाली नव्हती. पण सातांच्या तीन जागा झाल्या, आणि त्या आठवड्यात मी पहिल्यांदा सलग पाच तास झोपलो.

हा माझा भाबडेपणा असेल असं मी बरेच दिवस धरून चाललो होतो. पण सिंगापूरमधल्या संशोधकांनी २०१९ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात नेमकं हेच दिसलं. दीर्घकाळ कर्जात असलेल्या १९६ गरीब लोकांची देणी एका संस्थेनं फेडली. त्यांची चिंता कमी झाली, निर्णय सुधारले. आणि फरक पडला तो रक्कम किती फेडली यापेक्षा किती खाती बंद झाली यामुळे. मनाला रक्कम मोजता येत नाही. त्याला मोजता येतात दारं, जिथून कुणीतरी हाक मारील अशी.

तरीही माझं सगळं दुखणं पाटल्यांनी बरं झालं नाही. झोप आली, पण मन उठेना. तेव्हा जिल्ह्याच्या सरकारी दवाखान्यात मानसोपचार विभागात गेलो. केसपेपर काढताना ओळखीचं कुणी दिसू नये म्हणून रुमाल तोंडावर धरला होता. डॉक्टरीण बाई म्हणाल्या, "चिंता सगळ्यांना असते. पण दोन आठवड्यांहून जास्त काळ जवळजवळ रोज मन उदास, कशात रस नाही, झोप-भूक बिघडलेली, जगून काय करायचं असं वाटतंय, तर तो आजार. मग कारण पैसा असो की आणखी काही." हा शेवटचा विचार मलाही येऊन गेला होता. तो मी त्यांना सांगितला. बायकोला त्यानंतर महिन्यानं. औषध आठ-नऊ महिने चाललं.

ही वाट दोन्हीकडून वाहती आहे. गोव्यात 'संगाथ' ही संस्था उभी करणाऱ्यांपैकी डॉ. विक्रम पटेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०२० मध्ये जगभरच्या अभ्यासांचा आढावा घेतला. उत्पन्न गेलं की नैराश्य वाढतं, आणि नैराश्य आलं की कमाई घटते. हातात पैसा आला तर मन सावरतं. मनावर उपचार झाले तर माणूस कामाला लागतो. म्हणून 'आधी कर्ज फेडू, मग डॉक्टरचं बघू' हे आमच्याकडचं नेहमीचं वाक्य मला आता खटकतं. ज्या डोक्यानं कर्ज फेडायचं तेच दुखणाईत आहे, त्याचं काय? सरकारी दवाखान्यात हा उपचार फार खर्चाचा नाही. ज्यांना दवाखान्याची पायरी चढवत नाही त्यांच्यासाठी ऑक्टोबर २०२२ पासून टेलिमानस आहे. १४४१६ हा क्रमांक फुकट लागतो आणि मराठीत बोलता येतं. आणि वसुलीच्या फोनांनी ज्यांची झोप गेली आहे त्यांना हेही माहीत असावं, की बँका आणि वित्तकंपन्यांच्या वसुली एजंटांनी सकाळी आठच्या आधी किंवा संध्याकाळी सातनंतर फोन करायचा नाही, असं रिझर्व्ह बँकेनं २०२२ सालीच बजावलं आहे.

मेहुण्यानं माग भंगारात विकले. आता तो टेम्पो चालवतो. जामीनकीची रक्कम फिटायला २०२१ उजाडलं. पाटल्या त्याच्याही नंतर सुटल्या.

माझं काम तेच आहे. थकबाकीचे फोन मला आजही करावे लागतात. ते न करून संस्था चालायची नाही, ठेवीही गरिबांच्याच आहेत. पण शेरा लिहिण्याआधी आता मी कर्जदाराला समोर बसवतो, चहा मागवतो आणि विचारतो, "आमचं सोडा, एकूण किती ठिकाणी देणं आहे?" परवा एक खर्चीवाला आला होता, माझ्याच वयाचा. तो बोटांवर मोजायला लागला. एक हात संपला. दुसऱ्या हाताच्या तिसऱ्या बोटावर थांबला आणि म्हणाला, "साहेब, हे मी आज पहिल्यांदाच मोजतोय."