घड्याळांची रुजुवात

१ जानेवारी १९०६ पासून हिंदुस्थानात एक प्रमाणवेळ अमलात आली, तरी तिच्याहून ३९ मिनिटे मागे चालणारी ‘बॉम्बे टाइम’ मुंबई शहरात १९५५ पर्यंत टिकून होती. आणि त्यामुळे कोणी वेळ सांगितली की ती कोणत्या घड्याळाची, हे मुंबईत विचारून घ्यावे लागे. आज ज्या सर्व्हरांवर पेढ्यांचे जमाखर्च, रेल्वेची आरक्षणे आणि रुग्णालयांची दप्तरे विसंबून आहेत, ते सर्व्हर बहुधा हा प्रश्न विचारीत नाहीत. शेजारच्या यंत्राने घातलेली वेळ ते बिनतक्रार खरी मानतात. ‘कर्बरॉस’ ही ओळख पटविण्याची पद्धत मात्र तफावत ५ मिनिटांहून अधिक दिसली की सामान्यतः प्रवेशच नाकारते. मला ही अडवणूक हितकारक वाटते, कारण दोष तत्काळ उघडकीस येतो. खरा घात करते ती चार-दोन सेकंदांची, कोणाच्याच ध्यानी न येणारी तफावत.

एका संस्थेत दोन सर्व्हरांच्या नोंदी ताडून पाहण्याचे काम माझ्याकडे आले होते. रक्कम पाठविण्याचा हुकूम एका यंत्रावर ०९:१४:१३ ला नोंदलेला, आणि ती जमा झाल्याची नोंद दुसऱ्यावर ०९:१४:०६ ची. म्हणजे कार्य आधी आणि कारण मागाहून! चौकशी करता कळले की पहिले यंत्र पुढे धावते म्हणून त्याचे घड्याळ दर सोमवारी सकाळी हाताने लावण्याचा तिथे शिरस्ता होता. तो दिवस गुरुवार होता, आणि यंत्र ९ सेकंद पुढे होते.

दिवसाला ३ सेकंद, म्हणजे दहा लाखांत सुमारे ३५ भाग, एवढी चूक साध्या स्फटिक-घड्याळाच्या बाबतीत मुळीच नवलाची नाही. उष्णतामान बदलले की स्फटिकाचे कंपन बदलते. हे गृहीत धरूनच डेव्हिड मिल्स यांनी रचलेली आणि १९८५ साली प्रथम प्रमाणलेखाच्या रूपाने प्रसिद्ध झालेली ‘एन.टी.पी.’ ही पद्धत संदेश निघाल्याची, पोहोचल्याची, उत्तर निघाल्याची आणि परतल्याची अशा चार वेळा ताडून तफावत काढते. जाण्यायेण्यास सारखाच अवधी लागतो, हा तिचा आधार. जाताना १० आणि येताना ५० सहस्रांश सेकंद लागले, तर हिशेबात २० सहस्रांशांची चूक राहते, आणि ती त्या यंत्राला आपली आपण कधीच कळत नाही.

त्या संस्थेत मात्र गणित तिथवर पोहोचलेच नव्हते. वेळेच्या उगमांची यादी काढली, तर ‘रीच’ या रकान्यात प्रत्येकापुढे ० होते. हा रकाना शेवटच्या ८ विचारणांचा दाखला अष्टमान पद्धतीने देतो: आठही उत्तरे आली तर ३७७, नुकतेच एक चुकले तर ३७६, एकही नाही तर ०. सेवा चालू होती, तिची खूणही हिरवी होती. परंतु ज्या १२३ क्रमांकाच्या द्वारातून हे संदेश जातात, ते फायरवॉलवर बंद होते.

द्वार उघडल्यावरही घड्याळ एकदम मागे ओढू नये, असा माझा आग्रह होता, कारण मागे आलेल्या वेळेत पूर्वीचेच क्षण दुसऱ्यांदा नोंदले जातात आणि जमाखर्चाचा क्रम कायमचा बिघडतो. नेहमीची सेवा १२८ सहस्रांशांपर्यंतची चूक गती किंचित कमीजास्त करून मुरवते, त्याहून मोठी असेल तर एकदम उडी मारते, आणि १००० सेकंदांपुढे गेली की स्वतःच बंद पडते. म्हणून उडीला मनाई करून दहा लाखांत ५०० भागांच्या मंद गतीने ते ९ सेकंद आम्ही पाच तासांत उतरविले. दुसऱ्या सकाळी रकान्यात ३७७ होते.

‘सर्ट-इन’ या भारत सरकारच्या सायबर-सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनी राष्ट्रीय सूचना-विज्ञान केंद्राच्या किंवा राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेच्या वेळेशी यंत्रे जुळती ठेवण्याचा दंडक घातला आहे. ज्यांच्या ताब्यात अशी यंत्रे आहेत, त्यांनी हिरव्या खुणेवर न विसंबता तो एक रकाना आजच उघडून पाहावा, एवढीच विनंती.