पहारेकऱ्याची कबुली

अमेरिकेच्या फेडरल रिझर्व्ह या मध्यवर्ती बँकेची सूत्रे सात सदस्यांच्या मंडळाकडे असतात. राष्ट्रीय सनदेच्या बँकांना तिचे सदस्यत्व सक्तीचे, तर राज्यांनी सनद दिलेल्या बँकांना ऐच्छिक आहे. या दुसऱ्या वर्गातील सदस्य बँकांचे भांडवल, रोखता व व्यवस्थापन यांची तपासणी मंडळाच्या वतीने १२ प्रादेशिक रिझर्व्ह बँका करतात.

मात्र दोष दाखवणे वेगळे आणि तो दूर करवून घेणे वेगळे. कॅलिफोर्नियातील सिलिकॉन व्हॅली बँक अशीच सदस्य बँक होती. तिने दीर्घ मुदतीच्या रोख्यांत पैसा गुंतवला. व्याजदर चढले, तसे रोख्यांचे मोल उतरले. तपासनिसांनी दाखवलेल्या ३१ त्रुटी अनिर्णित होत्या. ९ मार्च २०२३ रोजी ठेवीदारांनी ४२ अब्ज डॉलर काढले. दुसऱ्या दिवशी बँक बंद झाली. बहुतांश ठेवी अडीच लाख डॉलरच्या विमामर्यादेबाहेर होत्या. शासनाने अपवाद करून त्या वाचवल्या. एप्रिलमध्ये फेडरल रिझर्व्हने स्वतःच्या अहवालात देखरेखीतील ढिलाई मान्य केली.

असा अपवाद दरवेळी होत नाही. भारतात २०२० पासून एका बँकेत प्रत्येक ठेवीदारामागे विम्याची मर्यादा ५ लाख रुपये आहे. पेढीची सारी शिल्लक एकाच बँकेत ठेवणाऱ्याने हा आकडा विसरू नये.