कुस्ती सुटली, खुराक मात्र चालूच: खेळ सोडल्यावर वजन का वाढतं, उतरवायचं कसं

मलकापूर असो, खामगाव असो की देऊळगाव राजा, मोहल्ल्यात एखादा तरी माणूस असा असतो ज्याला लोक आजही ‘पहिलवान’ म्हणूनच हाक मारतात. दंगलीत उतरणं सोडून त्याला पंधरा-वीस वर्षं झालेली असतात. आता दुकान आहे, नाहीतर गाडीवर ड्रायव्हर आहे. छातीच्या पुढे पोट आलंय, जिना चढताना गुडघे दुखतात आणि चाळिशीतच शुगर-बीपीची गोळी सुरू झालीय. घरचे म्हणतात, ‘त्यांचं अंगच पहिलवानाचं आहे.’ आम्हाला वाटतं, या एका वाक्यापायी अनेक घरांत डॉक्टरकडे जायला उशीर होतो.

आधी एक गैरसमज दूर करू. मेहनत सोडली की स्नायूंची चरबी होते, असं आखाड्यातही सांगतात. तसं होत नाही. स्नायू आणि चरबी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मेहनत थांबली की स्नायू बारीक होतात, आणि खाणं तेवढंच राहिलं की चरबी साठते. दोन्ही एकाच वेळी होतं, म्हणून एकाचं दुसरं झालं असं वाटतं.

खुराकाचाच हिशेब करून पाहा. एक लिटर म्हशीचं दूध म्हणजे साधारण १००० कॅलरी. ५० ग्रॅम बदाम, ३००. दोन मोठे चमचे तूप, सुमारे २५०. म्हणजे भाकरी, भाजी, सालन ताटात येण्याआधीच दीड हजार कॅलरी पोटात गेल्या. सकाळ-संध्याकाळ जोर, बैठका, लढती असताना हे सगळं जिरत होतं. आता तोच माणूस तासभर भरभर चालला, तर ९० किलो वजनाला ३०० ते ३५० कॅलरी खर्च होतात. म्हणजे नुसत्या चालण्यानं खुराकाची बरोबरी होत नाही. ‘रोज फिरतो, तरी वजन हलत नाही’ ही तक्रार खरी असते. तिचं कारण बहुतेक वेळा ग्लासात आणि ताटात असतं. (आणि फिरून येताना कचोरी खाल्ली, मग ती शेगावची का असेना, तर हिशेब तिथेच संपला.)

दुसरी गोष्ट पहिलवानांची खास आहे. कुस्तीत वजनी गट असतो, म्हणून लढतीआधी वजन ‘तोडायची’ सवय लागते. २०२४ च्या पॅरिस ऑलिम्पिकमध्ये अमन सेहरावतनं कांस्यपदकाच्या लढतीआधी सुमारे दहा तासांत साडेचार किलोच्या वर वजन उतरवलं. त्याच आठवड्यात विनेश फोगाट ५० किलो गटात फक्त १०० ग्रॅम जास्त भरली आणि अंतिम फेरीतून बाद झाली. असं रातोरात उतरलेलं वजन मुख्यतः पाण्याचं असतं. चरबी इतक्या वेगानं जात नाही. पाणी प्यायलं, जेवलं, की काटा परत वर.

या सवयीचा पुढे काय परिणाम होतो? फिनलंडमध्ये १९२० ते १९६५ या काळात देशासाठी खेळलेल्या १८३८ पुरुष खेळाडूंचा अभ्यास २००६ साली प्रसिद्ध झाला. कुस्ती, बॉक्सिंग, वेटलिफ्टिंगमध्ये वारंवार वजन तोडणाऱ्यांचा बीएमआय विशीनंतर सरासरी ५.२ नं वाढला. बाकीच्या खेळाडूंचा ३.३ नं, आणि कधीच न खेळलेल्यांचा ४.४ नं. १७० सेंटीमीटर उंचीच्या माणसाला लावून पाहिलं तर हा फरक अनुक्रमे १५, साडेनऊ आणि पावणेतेरा किलो होतो. म्हणजे वजन तोडणारे पुढे साध्या माणसापेक्षाही जास्त जाड झाले. म्हणून माजी पहिलवानानं ‘पंधरा दिवसांत दहा किलो काढतो, पूर्वी काढायचो’ असं म्हणू नये. रोज्याचंही तसंच. पहिल्या काही दिवसांत काटा खाली येतो त्यात पाणी बरंच असतं, आणि इफ्तारला भजी-समोसे, गोड सरबत रोजचं झालं तर ईदपर्यंत वजन उलट वाढलेलं सापडतं.

मग करायचं काय? आठवड्याला अर्धा किलो, एवढंच ध्येय ठेवा. पहिली कात्री दूध, तूप, बदाम आणि गोड चहावर. अंडी, डाळ, हरभरा, कमी तेलातलं चिकन, ताक मात्र ठेवा, कारण प्रथिनं कमी झाली तर चरबीबरोबर स्नायूही जातात. भाकरी सोडायची गरज नाही, मोजून खा. दावतीला जायचंच असतं, तिथं दुसऱ्यांदा बिर्याणी घेतली नाही तर कुणी रागावत नाही. चालण्याबरोबर आठवड्यातून दोन दिवस ताकदीचा व्यायाम हवा. गुडघे गेलेले असतील तर खोल बैठका नकोत. सायकल, भिंतीला टेकून जोर चालतील. गुडघ्याला आशा ठेवायला जागा आहे: एक किलो वजन कमी झालं की प्रत्येक पावलाला गुडघ्यावरचा भार सुमारे चार किलोनं हलका होतो. मलकापूर-खामगावच्या उन्हाळ्यात चालणं फजरनंतर लगेच उरका.

हे पुरुषांपुरतंच नाही. शाळा-कॉलेजात कबड्डी, खो-खो खेळलेल्या आपल्या मुलींचा खेळ निकाहनंतर एकदम सुटतो, आणि बाळंतपणानंतरच्या वजनाला ‘आता असंच राहणार’ म्हटलं जातं. सानिया मिर्झानं मुलाच्या जन्मानंतर आपलं वजन ८९ वरून ६३ किलोवर आल्याचं स्वतः जाहीर केलं होतं, आणि जानेवारी २०२० मध्ये होबार्टला दुहेरीचं विजेतेपद जिंकलं. तिच्याकडे होती तशी सोय प्रत्येकीकडे नसते, हेही खरं. पण घरच्यांनी रोज पाऊण तास बाळ सांभाळलं तर सुरुवात होते.

काट्यापेक्षा टेपवर भरवसा ठेवा. पहिलवानाचं वजन स्नायूंमुळेही जास्त असू शकतं, पोटाचा घेर मात्र फसवत नाही. बरगडी आणि कमरेच्या हाडाच्या मध्ये मोजा: भारतीय पुरुषांना ९० सेंटीमीटर, बायकांना ८० सेंटीमीटरच्या वर गेलं की धोका.

इन्सुलिन किंवा शुगरची गोळी चालू असेल तर खाणं कमी करण्याआधी डॉक्टरांशी बोला, डोस तसाच ठेवला तर शुगर अचानक खाली येऊ शकते. वजन उतरवायची इंजेक्शनं आता बाजारात आलीत, ती मेडिकलवाल्याच्या सल्ल्यानं घेऊ नका. त्यानंही स्नायू उतरतात. जाड मानेचा माणूस झोपेत मोठ्यानं घोरत असेल, मध्येच श्वास अडकत असेल, तर तेही डॉक्टरांना सांगा. तिशीच्या पुढच्या सगळ्यांची बीपी-शुगर तपासणी सरकारी आरोग्य केंद्रात मोफत होते. अब्बा स्वतःहून जाणार नाहीत, तेव्हा घरातल्या कुणीतरी सोबत घेऊन जावं.